बामणीचा दगड आणि आमच्या बस्तीचा फलक



गेल्या वर्षी माझ्या माहेरच्या गावी बस्तीचा जीर्णोद्धार झाला. जुनी गळकी कौले गेली, सभामंडप मोठा झाला आणि देणगीदारांच्या नावाचा ग्रॅनाइटचा फलक बसवायचे ठरले. आमच्या घराने बऱ्यापैकी रक्कम दिली होती, म्हणून आमच्या नावाला वरची जागा मिळाली. धाकट्या भावाने मोठ्या आनंदाने फोनवर मजकूर वाचून दाखवला. आधी वडिलांचे नाव आणि ‘यांच्या स्मरणार्थ’, त्याखाली दोन्ही भाऊ, त्याखाली नातू आणि शेवटी ‘व कुटुंबीय’.

मी म्हटले, “आणि आईचं नाव?”

तो म्हणाला, “अक्का, कुटुंबीय लिहिलंय की. त्यात समदी आली.”

मी तेव्हा काही बोलले नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही. योगायोग असा, की त्याच आठवड्यात भाच्याने मला काही झेरॉक्स आणून दिल्या होत्या. आत्तीला जुन्या गोष्टी वाचायला आवडतात हे त्याला ठाऊक आहे. त्या झेरॉक्स एका लहानशा शेतकरी गावातल्या शिलालेखाच्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मा लावून वाचायला बसले आणि आमच्या फलकाचे उत्तर मला त्या दगडात सापडले. आज तेच सांगायचे आहे.

गावाचे नाव बामणी. कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात, दूधगंगेच्या खोऱ्यातले हे गाव. आपल्यापैकी कित्येकींचे माहेर नाहीतर सासर त्याच पट्ट्यात आहे, त्यामुळे गाव कसे असेल हे सांगायला नको. काळी जमीन, जोंधळा, भुईमूग, निपाणीच्या बाजूला तंबाखू, आणि नदीचे पाणी शेतात फिरल्यापासून ऊस. कुठल्या लढाईसाठी वा राजवाड्यासाठी कुणी बामणीचे नाव घेत नाही. पण तिथल्या जैन बस्तीच्या दाराजवळच्या दगडावर एक लेख कोरलेला होता आणि तो 1894-95 च्या सुमारास ‘एपिग्राफिया इंडिका’ या सरकारी ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात छापला गेला. छापणारे विद्वान कीलहॉर्न. हे जर्मन गृहस्थ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. मी हा लेख दगडावरून वाचलेला नाही. त्याची लिपी जुनी कानडी आहे आणि मला ती येत नाही. मी वाचला तो छापील देवनागरी पाठ. भाषा संस्कृत असली तरी रोज पूजा म्हणणाऱ्या बाईला निम्मे शब्द ओळखीचे वाटतात.

लेखाची तारीख शक 1073, प्रमोद संवत्सर, भाद्रपद पौर्णिमा, शुक्रवार, चंद्रग्रहण. इंग्रजी हिशेबाने 8 सप्टेंबर 1150. म्हणजे आपल्या अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पावणेनऊशे वर्षांपूर्वी, हे दान दिले गेले.

तेव्हा कोल्हापूर भागावर शिलाहार राजांचे राज्य होते. राजाचे नाव विजयादित्य, मुक्काम वळवाड. हे राजे स्वतःला महालक्ष्मीच्या वराने लाभलेले म्हणवीत, म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईचे भक्त. तरीही त्यांनी बस्त्यांना जमिनी दिल्या. विजयादित्याचे वडील गंडरादित्य यांनी मिरज भागात इरुकुडी इथे मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठावर शिव, बुद्ध आणि अर्हंत या तिघांची देवळे उभी केली, असे त्यांच्या ताम्रपटात आहे. त्या काळी एकाच तलावाचे पाणी तिन्ही देवळांना चालत होते.

बामणीच्या लेखात विजयादित्याने आपला मामा सामंत लक्ष्मण याच्या विनंतीवरून मडलूर गावातल्या पार्श्वनाथाच्या बस्तीला दान दिले, असे सांगितले आहे. लेखातला शब्द ‘वसति’. आपण देवळाला ‘बस्ती’ म्हणतो तो शब्द हाच. पुण्या-मुंबईकडच्या मैत्रिणी मला विचारतात, “तुम्ही मंदिराला बस्ती का म्हणता हो, झोपडपट्टीसारखं?” आता मी त्यांना सांगते की हा शब्द निदान पावणेनऊशे वर्षांचा आहे.

दान कशासाठी, तर तीन गोष्टींसाठी. एक, देवाच्या अष्टविध अर्चनेसाठी, म्हणजे आपण आजही जल-गंध-अक्षता-पुष्प असे आठ द्रव्यांनी करतो त्या पूजेसाठी. दोन, बस्तीचा जो भाग मोडेल, फुटेल, त्याच्या जीर्णोद्धारासाठी. तीन, तिथे राहणाऱ्या यतींच्या आहारदानासाठी. पूजा, दुरुस्ती आणि आहार. मी वाचता वाचता थांबले. आमच्या गावच्या बस्तीच्या वार्षिक जमाखर्चात आजही खर्चाची मोठी खाती हीच आहेत. मी बी.कॉम. झाले आहे, हिशेबाची खाती चटकन डोळ्यांत भरतात. इतक्या वर्षांत राज्ये बदलली, नाणी बदलली, पण बस्तीची खतावणी बदलली नाही.

दान किती, तेही नीट लिहिले आहे. पाव निवर्तन शेत, तीस स्तंभ मापाची फुलबाग आणि बारा हातांचे घर. ही मापे ‘कुंडी’ प्रांताच्या दांड्याने मोजावीत असे बजावले आहे. कुंडी म्हणजे बेळगाव-सौंदत्तीकडचा मुलूख. निवर्तन हे जमिनीचे जुने माप, पण ते गावोगाव वेगळे असे, म्हणून कोणत्या काठीने मोजायचे हे दगडावरच कोरून ठेवले. पुढे कुणी भांडू नये. शेतकऱ्याच्या गावात बांधावरून काय होते, हे तेव्हाही लोकांना माहीत होते.

दान घेतले ते अर्हनंदी सिद्धांतदेव यांनी. ते कोल्हापूरच्या माघनंदी सिद्धांतदेवांचे शिष्य. राजाने त्यांचे पाय धुऊन, हातावर पाणी सोडून दान दिले. पादप्रक्षालन आपल्याला नवे नाही. मुनिमहाराज चौक्यात आले की आपण आधी तेच करतो. राजासुद्धा त्या वेळी आपल्यासारखाच खाली वाकला असेल, असे मनात येते.

आता मुख्य गोष्ट. ही बस्ती बांधली कुणी? राजाने नव्हे, सामंतानेही नव्हे. ती बांधली चोधोरे कामगावुंड नावाच्या माणसाने. ‘गावुंड’ म्हणजे गावचा मुख्य, जमीनदार शेतकरी, आजच्या भाषेत पाटील. कानडीतला ‘गौडा’ तोच आणि आपल्या लोकांच्या नावातला ‘गोंडा’ही तोच. आपले आजोबे-पणजोबे आठवा. कुणी भीमगोंडा, कुणी आप्पागोंडा, कुणी बाळगोंडा. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचे गृहस्थाश्रमातले नाव सातगोंडा आणि त्यांचे घराणे भोज गावच्या पाटलांचे, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा हा कामगावुंड म्हणजे आपल्यातलाच एक शेतकरी पाटील.

या पाटलाची ओळख लेखात कशी करून दिली आहे, ते पाहा. तो सणगमय्य आणि चंधव्वा यांचा पुत्र, पुन्नकब्बेचा पती, जेंतगावुंड आणि हेम्मगावुंड यांचा पिता. बस, एवढीच.

मी हे वाक्य तीनदा वाचले. वडिलांचे नाव आहे, पण एकट्याचे नाही, आईचे त्याच्या जोडीला आहे. बायकोचे नाव आहे. ‘अमक्याची बायको’ म्हणून ती आलेली नाही, तर तो ‘तिचा पती’ म्हणून आला आहे. ‘व कुटुंबीय’ असे कुठेही नाही.

त्या काळी लिहिण्याची रीतच तशी असेल, असे मला आधी वाटले. पण झेरॉक्समध्ये कोल्हापूरचा आणखी एक लेख होता, याच राजाचा, याच्या सात-आठ वर्षे आधीचा. शक 1065, माघ पौर्णिमा, सोमवार, चंद्रग्रहण, म्हणजे 1 फेब्रुवारी 1143. मजकूर जवळजवळ शब्दाला शब्द सारखा. पार्श्वनाथाची वसति, अष्टविध अर्चना, जीर्णोद्धार, आहारदान, कुंडीच्या दांड्याने मोजलेले शेत आणि बारा हातांचे घर. तिथे बस्ती बांधणाऱ्याचे नाव वासुदेव. त्याची ओळख काय, तर सामंत कामदेवाचा सेवक आणि माघनंदींचा शिष्य. आई नाही, बायको नाही, मुले नाहीत.

एकाच राजाच्या कारकिर्दीत, एकाच साच्याचे दोन लेख. दरबारात चाकरी करणाऱ्याची ओळख त्याच्या धन्यावरून आणि गुरूवरून झाली. गावात शेती करणाऱ्याची ओळख त्याच्या घरावरून झाली. मला याचा अर्थ असा लागला, की शेतकऱ्याजवळ सांगायला धनी नसतो, त्याचे जे काही असते ते घरातल्या सगळ्यांच्या हातांनी उभे राहिलेले असते. कामगावुंडाने बस्तीला लावलेला पैसा शेतातून आला असणार. त्या शेतात चंधव्वा वाकली असेल, पुन्नकब्बेने धान्य पाखडले असेल, येणाऱ्या यतींचा चौका तिनेच सांभाळला असेल. लेख लिहून घेताना ते कुणाच्या तरी लक्षात होते.

पुढे काय झाले? तेराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीच्या यादवांनी शिलाहारांचे राज्य संपवले. त्यानंतर कितीतरी सत्ता आल्या आणि गेल्या. कागलला घाटग्यांची जहागीर झाली, त्याच घराण्यातून राजर्षी शाहू महाराज 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतन बंद करून तलाठी नेमले आणि गावचे दप्तर एका घराच्या माडीवरून सरकारी नोकराच्या हातात आले. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरवला आणि कसणाऱ्यांची नावे जमिनीला लागली. शेतकऱ्याच्या गावाचा इतिहास म्हणजे बहुतेक हाच, की जमिनीच्या कागदावर नाव कुणाचे.

या कागदांवर बाई कुठे आहे? वडील गेल्यावर मी आमचे जुने उतारे पाहिले होते. त्यात ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले असते, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो नेहमी पुरुष. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, तिथे कधीकधी ‘आई’ सापडते, पण नवरा वारला आणि मुले लहान असली तरच. नाहीतर ‘इतर हक्क’ या रकान्यात बहिणींची नावे कोपऱ्यात बसलेली असतात. म्हणजे बाईचे नाव उताऱ्यावर यायला आधी कुणीतरी मरावे लागत असे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, ती याचसाठी. नवऱ्याने जिवंतपणी, आपण होऊन, बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करावी, असे त्यांचे सांगणे होते.

लेकींच्या बाबतीत कायदाही सावकाश चालत आला. 1956 चा वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क मुलांनाच होता. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना तो दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. मी त्यातली. मग 2005 मध्ये केंद्राच्या कायद्याने सगळ्याच मुलींना धरले. वडील 2011 मध्ये गेले, म्हणजे तोवर हक्क आला होता. मी आणि बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. दोन्ही भावांचे पोट शेतीवर आहे, आमचे बरे चालले आहे, आणि माहेरचा उंबरा आम्हाला जमिनीपेक्षा मोठा वाटला. तुम्ही सही करावी की करू नये, हे मी सांगणार नाही. ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट वेगळी, आणि ज्या बहिणीला गरज आहे तिने हक्काने मागावे, त्यात पाप नाही. माझ्या सहीचे मला दुःख नाही.

पण मी सही केली ती माझ्या वाट्यावर. आईच्या नावावर पाणी सोडायचा अधिकार मला कुणी दिला होता?

1972 च्या दुष्काळात आमची विहीर आटली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. आईने हातातल्या पाटल्या काढून वडिलांना दिल्या, त्या विकून विहीर खोल केली. पुढची सगळी बागायत त्या पाण्यावर झाली. पाटल्या परत झाल्या नाहीत. ती म्हणायची, “पाटल्या विहिरीत हायेत, कुठं जात्यात?” गावात महाराजांचा चातुर्मास झाला की चौका आमच्याकडे असायचाच. ओल्या सोवळ्यात पहाटेपासून उभी राहणारी आई मला आजही दिसते. भावांनी बस्तीला दिलेली देणगी उसाच्या बिलातून आली, आणि ऊस त्या विहिरीवर वाढला. हिशेब मांडला तर त्या रकमेत आईच्या पाटल्या आहेत. जमाखर्चात एखादे भांडवल लिहायचेच राहिले तर आम्ही त्याला चूक म्हणायला शिकलो होतो.

मी भावाला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, “अक्का, यादी गेली की कोरायला. आता कुठं बदलायचं? अन् अक्षरामागं पैसे घेतोय तो.”

मी म्हटले, “आईच्या नावाची अक्षरं माझ्याकडं लागली.”

तो गप्प बसला. मग म्हणाला, “पैशाचं नाही गं. बाकीच्या घरांनी कुणी बायकांची नावं घातली नाहीत. आपणच घातली तर लोक काय म्हणतील?”

तेव्हा मी त्याला बामणीचे सांगितले. मोबाइलवर त्या पानाचा फोटो पाठवला, चंधव्वा आणि पुन्नकब्बा यांच्या नावांखाली पेन्सिलीने रेघ ओढून. म्हटले, “आपण नवीन काही करत नाही. आपल्यातल्याच एका पाटलानं दूधगंगेच्या काठाला पावणेनऊशे वर्षांमागं केलंय. राजाच्या समोर केलंय. त्याला लोक काही म्हणाले नाहीत.”

दोन दिवस काही उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी वैनीचा फोन आला. फोटो तिने पाहिला होता, आणि बस्तीत स्वाध्यायाला येणाऱ्या बायकांनाही दाखवला होता. तिथे म्हणे बराच वेळ स्वाध्याय बाजूला राहिला. एक आज्जी म्हणाल्या, माझं नाव तर मलाच कुणी घेतलेलं आठवत नाही. मग बायकाच कमिटीकडे गेल्या. कमिटीने ठरवले, की ज्या घरांना हवे त्यांनी दोन दिवसांत मजकूर बदलून द्यावा, जादा अक्षरांचे पैसे घराने भरावेत. सगळ्या घरांनी बदलून दिले नाहीत. अकरा घरांनी दिले.

आमच्या भावाने मजकूर स्वतः लिहिला आणि मला वाचून दाखवला. आधी वडील आणि आई यांची नावे जोडीने, ‘यांचे पुत्र’ म्हणून दोघे भाऊ, प्रत्येकाच्या नावाशेजारी वैनींची नावे, मग नातवंडे, त्यात नातीही. “तुझं अन् ताईचं घालू का?” असे त्याने विचारले. मी नको म्हटले. ज्या घरच्या आम्ही सुना, तिथल्या फलकावर आमचे नाव यावे. ते काम आता माझ्या मुलाचे, आणि हे वाचून त्याला ते कळावे.

पंचकल्याणकाला मी गेले होते. अभिषेक झाल्यावर गर्दी थोडी कमी झाली, तेव्हा फलकापाशी उभी राहिले. थोरल्या भावाची सहा वर्षांची नात तिथे अक्षरे लावत होती. पणजीचे नाव तिने एकेक अक्षर बोटाने गिरवत वाचले आणि विचारले, “ही कोण?” मी खाली बसून तिला पाटल्यांची गोष्ट सांगितली. नाव नसते तर तिने विचारले नसते.

आमच्या घरात इंटरनेटवर माणसांची नावे टाकायची नाहीत असा नियम आहे, म्हणून आईचे नाव मी इथे लिहीत नाही. ते आता दगडावर आहे. पण तुम्ही एक करा. आज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की एक वही घ्या. आईचे नाव लिहा, आज्जीचे लिहा, सासूबाईंचे, त्यांच्या सासूबाईंचे लिहा. माहेरचे नावही लिहा, कारण लग्नात ते बदललेले असते. मी लिहायला बसले तेव्हा पणजीपाशी अडले. तिला सगळे ‘आव्वा’ म्हणत, एवढेच आठवले. आता आमच्या गावातल्या नव्वदीच्या एका मावशींकडे जाऊन विचारणार आहे, त्या आहेत तोवर.